सारजाबाईचे पाणी

कोसमपेठेचा तलाव तो हाच. ही त्याची मातीची पाळ. हिच्यावरून चालताना सावली आहे, सावकाश चला. समोर पाण्यात उतरत गेलेले जे दगडी बांधकाम दिसते, त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. पाळीच्या पोटातून खालच्या धानाच्या खाचरांना, आमच्या बांध्यांना, पाणी नेणारी ही मोरी. तिच्या तोंडाला लाकडी बूच असते आणि ते पाण्याखाली असते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बूच काढतात, पण त्याआधी गावाच्या जुन्या मालकाच्या, मालगुजाराच्या घरचा कर्ता पुरुष गळ्याएवढ्या पाण्यात उभा राहतो. बाहेरगावची माणसे त्याला नवस समजतात. नवस नाही तो. ती शिक्षा आहे, आणि ती सारजाबाईच्या लेकीने दिली, असे सांगतात.

सारजाबाई ढिवराची, मासे धरणाऱ्यांच्या जातीतली. नवरा ऐन उमेदीत तापाने गेला, पदरी एकच लेक, कौतिका. त्या काळी कोसमपेठेत शाळा नव्हती. 'बाई' म्हटले की गावाला सारजाबाईच कळायची, कारण गावचे प्रत्येक लेकरू पोहायला तिनेच शिकवले होते. हा सगळा तलावांचा आणि बोड्यांचा, लहान तळ्यांचा मुलूख. अंगणातून पाय बाहेर पडला की पाणी, आणि ज्या घरातले कोणी बुडाले नाही असे घर नव्हते. बाई आली आणि ते थांबले. जी घरे तिच्या हातचे पाणी पीत नव्हती, तीही आपली पोरे पाण्यात तिच्याच हाती देत.

लेकराच्या कमरेला ती वाळल्या भोपळ्यांची जोडी बांधायची आणि पाठीखाली नुसती दोन बोटे धरायची. रडणाऱ्या पोरावर तिने कधी हात उगारला नाही. राग आला की पाण्यावर चापट मारायची आणि म्हणायची, "पान्याशी भांडू नको रे बापा. त्याच्या अंगावर पड, तेच झेलते." शिकवून झाले की ओल्या पदरातून उकडलेले शिंगाडे वाटायची. पोरे मोठी झाली, मिशा फुटल्या, तरी रस्त्यात ती दिसली की थांबून पाया पडत.

कौतिकाला मात्र याचा राग यायचा. साऱ्या गावाची माय, आणि घरच्या लेकीला उरलीसुरली. संध्याकाळी दारात बसून बाई तिची वेणी घालायची, तेवढाच वेळ काय तो कौतिकाचा. त्या वेळी कोणी हाक मारली तर बाई ओ देत नसे.

गावात पोहणे न शिकलेला एकच माणूस होता, यादोराव मालगुजार. ढिवरणीच्या हातून आपण काही घेत नसतो, असे तो म्हणायचा. त्याच्या थोरल्या लेकाची पहिली बायको तलावात बुडाली. पाय घसरला, असे वाड्यावरून सांगितले. दुसरी आली, तिचाही पाय घसरला. दोघींची कूस उजवली नव्हती, हे गावाला ठाऊक होते. पण वाड्याकडे बोट कोण दाखवणार?

तिसरी सून आली गोजरा. कोरड्या मुलखातली पोर, घोट्याएवढ्या पाण्यातसुद्धा थरथरायची. ती धुणे घेऊन घाटावर आली की बाई तिच्याकडे पाहत राही. एक दिवस बाई म्हणाली, "सूनबाई, धुनं राहू द्या. उतरा खाली." पोरींच्या घोळक्यात, धुण्याचे निमित्त करून, बाईने तिला शिकवले. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, गोजराचीही कूस उजवेना. आणि मग एका तिन्हीसांजेला तिचाही पाय घसरला. फरक एवढाच, की गोजरा पलीकडच्या काठाला निघाली आणि ओल्या लुगड्याने, भर बाजारातून चालत वाड्यावर परत गेली. दारात उभ्या यादोरावाला एका नजरेत कळले, हिला कोणी शिकवले ते.

पुढे दसऱ्याच्या आधी तुडुमाच्या तोंडाशी शेवाळ आणि कमळाची मुळे साचली. ती काढायला बुडी मारावी लागे, आणि तेवढा दम बाईलाच होता. मालगुजाराने निरोप धाडला. पाळीवर सारा गाव जमला होता. बुचाला बांधलेला दोर वर, पाळीवरच्या खुंट्याला अडकवलेला. बाई खाली असताना त्याला हात लावायचा नाही, हे लहान पोरही जाणत होते. बाईने बुडी मारली. कौतिका काठावर उभी होती. यादोराव उठला, शांतपणे दोर हातात घेतला आणि ओढला.

मोरी घोरावी तसा आवाज झाला, म्हणे. पाणी बाईला आत घेऊन गेले. ती सापडली ती पाळीच्या पलीकडे, धानाच्या बांधीत, केसांत कमळाची मुळे अडकलेली.

"मले वाटलं, बाई वर आली," मालगुजार म्हणाला आणि निघून गेला. पाळीवर उभे असलेले झाडून सारे बाईचे शिकलेले. एकानेही तोंड उघडले नाही.

दहन झाले. बाईची राख तलावात सोडून कौतिका वर आली, तेव्हा घाटावर आंघोळीची गर्दी होती. ती रडली नाही. म्हणाली, "माह्या मायनं तुमाले पान्यावर तरंगाले शिकवलं. ते तिचं होतं. तुमी तिचे नाई झाले, मंग ते तुमच्यापाशी कायले? मी ते परत घेतो."

कोणी मनावर घेतले नाही. पण दुसऱ्या दिवशी पट्टीचे पोहणारे गडी पाण्यात पडले आणि धोंड्यासारखे खाली गेले. दोर टाकून कसेबसे ओढून काढले. ढिवरांचे डोंगे काठालाच बुडाले. वाळका भोपळा टाकला, तोही तळाला गेला. तलाव कोणालाच अंगावर घेईना. कौतिका तेवढी संध्याकाळी मधोमध उताणी पडून राही आणि काठावरची माणसे मुकाट बघत. त्यांचे ते बघणे तिला गोड लागे. त्या दिवसांत तिने वेणी घातली नाही.

यादोरावाने बोकड कापले, दूरदूरचे पुजारी आणले. उपयोग झाला नाही. पुढच्या वर्षी हस्ताचा पाऊस दगा देऊन गेला. धान पोटरीत येऊन पिवळे पडू लागले आणि तलाव तुडुंब असून बूच निघेना. फुगून घट्ट बसलेले, ओढता ओढता दोर तुटलेला. बुडी मारल्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि बुडी मारणार कोण?

गाव कौतिकाच्या दारात आले. "पोरी, आमी तुह्या मायच्याच हातचे," म्हातारी माणसे म्हणाली.

"तवा पाळीवर मुके कावून उभे होते?" तिने विचारले. "ज्यानं दोर ओढला त्याले आना. बूच त्याच्यासमोर काढीन."

यादोरावाला गावाने आणले. आदल्या वर्षी त्याच्यापुढे मान वर न करणारी माणसे आता वाड्याच्या दारात बसून राहिली, उठेनात. शेवटी तो आला. कौतिकाने मायची भोपळ्यांची जोडी त्याच्या कमरेला बांधली, गाठ आवळली आणि त्याला पाण्यात उतरवले. पायाखालची जमीन सुटली तशी ती त्याच्यासमोर, हाताच्या अंतराबाहेर तरंगत राहिली.

"सांगा मालक. माह्या मायले काय झालं?"

"पाय घसरला असन तिचा," तो म्हणाला. भोपळे जड झाले. पाणी त्याच्या ओठांना लागले.

"मले दिसलं नाई." पाणी नाकाशी आले. तो धडपडला, खोकला.

"दोर मी ओढला!" तो ओरडला, आणि भोपळे हलके होऊन त्याला वर घेऊन आले.

"कावून ओढला?"

तो गप्प राहिला, की पाणी चढे. एकेक शब्द पाण्याने त्याच्याकडून काढून घेतला. माझ्या घरच्या सुना घसरल्या नाहीत, मी बुडवल्या. ही तिसरी वाचली ती त्या बाईमुळे, म्हणून बाईला मारले. सारे बोलून झाले तेव्हा तो लहान पोरासारखा रडत होता. मग कौतिका जवळ गेली आणि तिने भोपळ्यांची गाठ सोडली.

तो हातपाय झाडू लागला. पाळीकडे पाहून हाका मारू लागला. पाळीवर साऱ्या गावाने तशीच मान खाली घातली, जशी त्या दिवशी घातली होती. त्याची शेंडी पाण्याखाली गेली, वर आली, पुन्हा गेली.

तेव्हा गर्दीतून गोजरा पुढे आली. सासऱ्यासमोर कधी न ढळलेला पदर तिने डोक्यावरून मागे टाकला.

"काढ वो त्याले बाहेर, कौतिका. मेला तं सुटन. जगू दे. दर सालाले इथंच उभं राहून, साऱ्याईच्या समोर, हेच बोलू दे."

कौतिकाने तिच्याकडे पाहिले. बाईची ही शागीर्द आपल्याहून लांबचे बघते, हे तिला कळले. तिने मालगुजाराच्या केसांना धरून त्याला काठाला आणून टाकले, आणि मग तुडुमाशी बुडी मारली. जिथे माय गेली तिथे. ती फार वेळ वर आली नाही. आली तेव्हा बूच तिच्या हातात होते आणि पाणी मोरीतून बांध्यांकडे धावत होते. सूड पुरा झाला की मायची आठवण हलकी होईल असे तिला वाटले होते. ती हलकी झाली नाही, म्हणे.

यादोराव पुढे पुष्कळ वर्षे जगला आणि दर दसऱ्याला तेच बोलला. त्याच्यामागे त्याचा लेक बोलला. काठावर बसून शब्द तपासायला गोजरा होतीच. त्या दिवशी पाळीवर मुके राहिलेल्या पिढीला तलावाने मरेपर्यंत अंगावर घेतले नाही. नंतर जन्मलेल्यांना कौतिकाने शिकवले, पण आधी पोरींना.

आजही ही रीत चालू आहे. त्या घरचा आताचा कर्ता शहरात वकिली करतो. त्या दिवशी पाळीखाली गाडी लावतो, बूट काढतो आणि पाण्यात उतरतो. "दोर आमी ओढला. सुना आमी बुडवल्या. सारजाबाईले आमी मारलं." एकदा त्याने 'आमच्या पूर्वजांनी' असे म्हणून पाहिले. पाळीवरच्या पोरींनी त्याला पहिल्यापासून पुन्हा म्हणायला लावले. पोरी 'या' म्हणेपर्यंत त्याला बाहेर येता येत नाही. तोवर त्या आपसात गप्पा मारत बसतात. पाणी गार असते, आणि घाई कोणालाच नसते.