सर्वाधिकारी आणि बंद दार

एकदा एक शिष्या पार थकून गेली. एका रक्तपेढीची संगणकीय नोंदणी तिच्याकडे होती. तिथलं सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये, म्हणजे स्वतःच्या बंदिस्त खोलीत, मोजक्या अधिकारांवर चालायचं. सोमवारी नोंदणी संथ झाली, म्हणून तिने आत जाऊन तपासणी केली. मंगळवारी ती ठप्पच झाली. परिचारिका रक्ताच्या मागण्या कागदावर लिहीत होत्या आणि सारखे फोन करत होत्या.

तीन दिवस तिचा एकच उद्योग. ‘रूट’ होऊन, सर्वाधिकार घेऊन कंटेनरमध्ये शिरायचं, तपासणीची आज्ञा द्यायची. उत्तर ठरलेलं: सारं सुरळीत! बाहेर मात्र नन्नाचा पाढा. तिला रडू यायचंच बाकी होतं.

तिचे वृद्ध गुरू शेजारी येऊन बसले. थोडा वेळ त्यांनी पाहिलं आणि तिचे सर्वाधिकार काढून घेतले.

“सर, एवढाही विश्वास उरला नाही का माझ्यावर?”

“आता त्या सॉफ्टवेअरच्याच नावाने आत जा. तीच आज्ञा दे.”

तिने दिली. उत्तर आलं: परवानगी नाही. लॉगची फाइल, म्हणजे सॉफ्टवेअर आपलं प्रत्येक काम जिथे टिपतं ती वही, रूटच्या मालकीची झाली होती, तारीख सोमवारची. तिच्याच तपासणीने ती तयार केली होती. सॉफ्टवेअरला त्या फाइलमध्ये लिहिता येत नव्हतं, म्हणून ते अडून बसलं होतं. मग तक्रार तरी कुठे करणार?

“अगं,” गुरू म्हणाले, “रूटला कुठलंच दार बंद नसतं. म्हणून अडलेल्याचं दार त्याला दिसतच नाही. सर्वाधिकार लागतात, मीही घेतो. पण आधी अडलेल्याच्या जागी उभं राहावं. आणि आत जे आपल्या नावावर झालं, ते ज्याचं त्याला देऊन मगच निघावं. मीही हे उशिराच शिकलो.”

एका आज्ञेपुरते त्यांनी अधिकार परत दिले. तिने फाइल सॉफ्टवेअरच्या स्वाधीन केली. नोंदणी सुरू झाली.

लगेच परिचारिकेचा फोन आला. “ताई, सुरू झालं हो! काय बिघडलं होतं?”

‘तांत्रिक अडचण’ हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. तिने गुरूंकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते.

“माझ्याच हातून बिघडलं होतं,” ती म्हणाली. “तुम्हाला फार त्रास झाला.”

पलीकडे मागण्यांचे कागद आवरल्याचा आवाज आला.

“बरं,” परिचारिका म्हणाली, “आता दोन घास खाऊन घ्या. आम्हीही बसतोय जेवायला.”