राहू दे आपल्याकडं

“पोरगी मागत नाही ना? मग राहू दे आपल्याकडं.”

मन्मथअप्पा आपल्या बायकोला असं म्हणाले तेव्हा त्यांना वाटत होतं, माजघरात आपण दोघंच आहोत. पण दाराच्या पलीकडं त्यांची नवी सून गिरिजा ताकाचं भांडं घेऊन उभी होती. तिच्या वडिलांनी पाठवणीच्या वेळी तिच्या हातात अठरा हजार रुपये ठेवले होते, शिलाई मशीन घे म्हणून. अप्पांनी ते सांभाळायला म्हणून मागून घेतले आणि दुकानातल्या लोखंडी पेटीत ठेवले. त्याला आता चार महिने झाले होते. पैसे अगदी उत्तम सांभाळले जात होते. मशीन तेवढं आलं नव्हतं.

गिरिजा आत आली. ताक ठेवलं आणि परत गेली. ती बोलायचीच कमी. गावात म्हणत, अप्पांची सून गरीब आहे हो. गरीब वगैरे काही नव्हती. ती नुसती बघायची. आणि त्या घरात बघण्यासारखं पुष्कळ होतं, कारण त्या गावात एक भोळा वाणी होता, आणि तो नेमका तिचा नवरा होता.

त्याचं नाव बसवंत. अंगानं धडधाकट, मनानं लोणी. सांगितलेलं काम कधी टाळायचा नाही. सांगितलं तसं करायचा. अगदी सांगितलं तसंच करायचा, हीच अडचण होती.

अप्पांचे गुडघे दुखायला लागले तसं त्यांनी ठरवलं, आता पोराला गल्ल्यावर बसवावं. दुकान घराच्या पुढच्या खोलीत. दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक दार, आणि दाराला बोटभर फट. फटीच्या इकडं गिरिजा भाकऱ्या थापायची.

“हे बघ बसवंता,” अप्पा म्हणाले, “रुपया दोन रुपये कुणाला परत द्यायचे नसतात. ‘सुट्टे नाहीत’ म्हणायचं आणि हातावर लिमलेटची गोळी ठेवायची. एवढं जमलं की झालास वाणी.”

“एवढंच?”

“एवढंच.”

बसवंतनं ते घोकून घोकून पाठ केलं. अप्पा पारावर गप्पा मारायला गेले.

पहिली आली शेजारची कलावती मावशी. “बसवंता, गूळ आहे का रे चांगला?”

“सुट्टे नाहीत,” बसवंत म्हणाला आणि तिच्या हातावर गोळी ठेवली.

“अरे, मी अजून पैसे कुठं दिलेत?”

“सुट्टे नाहीत.” दुसरी गोळी.

मग पोस्टमन आला. “अप्पांचं रजिस्टर आलंय, सही कर.”

“सुट्टे नाहीत.”

पोस्टमन गोळी चघळत रजिस्टर घेऊन परत गेला. एका परगावच्या माणसानं एस्टी कुठं थांबते म्हणून विचारलं. त्यालाही सुट्टे मिळाले नाहीत. दुपारी शाळा सुटली आणि पोरांना बातमी लागली. पोरं काही घ्यायची नाहीत, नुसती येऊन उभी राहायची. बसवंत प्रत्येकाला मान हलवून “सुट्टे नाहीत” म्हणायचा आणि गोळी द्यायचा. एकेक पोर सात सात वेळा आलं. संध्याकाळी बरणी रिकामी, गल्लाही रिकामा.

अप्पांनी कपाळाला हात लावला. “अरे, गोळ्या काय तुझ्या बारशाच्या वाटल्यास काय?”

“तुम्हीच म्हणालात, अप्पा.”

“आधी गिऱ्हाइकाचे पैसे हातात घ्यायचे! मग माल द्यायचा. मग जे उरेल ते आपल्याकडं ठेवायचं, आणि मग गोळी. उरलेलं आपलं. कळलं?”

“उरलेलं आपलं,” बसवंत म्हणाला. त्याला पटलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी शाळेतले गुरुजी आले. पैसे दिले, चहापत्ती घेतली आणि निघाले. छत्री राहिली दाराशी. थोड्या वेळानं परत आले.

“बसवंता, माझी छत्री राहिली बघ.”

“राहिली म्हणजे उरली, गुरुजी. उरलेलं आपलं. ही घ्या गोळी.”

गुरुजींनी बसवंतला चौथीत दोन वर्षं शिकवलं होतं. त्यामुळे ते वाद न घालता उन्हातून तसेच गेले.

मग वाडीवरची एक बाई आली. एक लेकरू कडेवर, एक बोटाला. कडेवरचं पेंगुळलेलं, म्हणून तिनं ते तांदळाच्या पोत्यावर निजवलं. डाळ घेतली, तेल घेतलं, साबण घेतला, पैसे दिले. तेवढ्यात एस्टीचा हॉर्न वाजला. बाई दोन्ही हातांत पिशव्या आणि बोटाचं लेकरू पुढं घालून धावली. वीस पावलांवर तिला आठवलं आणि किंचाळत मागं आली.

“भाऊ, माझं लेकरू!”

“पैसे दिलेत?” बसवंतनं शांतपणे विचारलं.

“दिले की!”

“माल घेतलात?”

“घेतला!”

“मग हे उरलेलं,” बसवंत म्हणाला आणि तिच्यासमोर गोळी धरली. मग त्याला वाटलं, लेकरू जरा मोठं आहे. अन्याय नको. त्यानं आणखी दोन गोळ्या वर ठेवल्या.

बाईनं डाळीची पिशवी त्याच्या डोक्यात घातली. गल्ली गोळा झाली. त्या गलक्यात आतलं दार उघडलं. गिरिजा आली, पोत्यावरचं लेकरू उचललं, बाईच्या कडेवर दिलं, कोपऱ्यातली छत्री एका पोराच्या हाती देऊन त्याला गुरुजींच्या घराकडं बोट दाखवलं आणि आत गेली.

रात्रीच्या जेवणाआधी अप्पांनी बसवंतला समोर बसवलं. “आता शेवटचं सांगतो. लोक ओरडत आले, मागायला लागले, तर गपचीप देऊन टाकायचं. उगीच तमाशा नको. पण जो मागत नाही, त्याचं ठेवायचं. निम्मे लोक लाजेनं मागतच नाहीत रे! दोन रुपयांसाठी कोण तोंड उघडतंय? सगळा धंदा त्या लाजेवर चाललाय आपला.”

“म्हणजे मागेल त्याला द्यायचं?”

“हो.”

“न मागेल त्याचं ठेवायचं?”

“हो रे बाबा, हो!”

आत तव्यावरची भाकरी करपली. गिरिजाच्या हातून चार महिन्यांत पहिल्यांदाच. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. एरवी त्या म्हणाल्या असत्या, लक्ष कुठंय तुझं. पण त्यांचंही लक्ष अप्पांच्या बोलण्याकडं होतं. दोघी जणी करपलेल्या भाकरीकडं बघत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी बाजार होता. अप्पा माल भरायला सकाळीच तालुक्याला निघाले. जाताना पेटीची किल्ली बसवंतच्या करदोड्याला बांधली. “जिवापेक्षा जपायची. कुणी कितीही मागितली तरी किल्ली कुणाच्या हातात द्यायची नाही.”

“नाही देणार,” बसवंत म्हणाला, आणि त्यानं ती दिलीही नाही.

अप्पा गेले आणि द्वारका म्हातारी काठी टेकत आली. तिला मीठ हवं होतं. मीठ घेतलं आणि जाता जाता सवयीनं पुटपुटली, “मागल्या पंचमीचे माझे दोन रुपये तुझ्या बापानं अजून दिले नाहीत. दे म्हणलं की गोळी देतोय. मला दात तरी हायत का?”

“मागता का?” बसवंतनं विचारलं.

“मागते की!”

बसवंतनं गादीखालचा डबा ओढला. अप्पा वर्षानुवर्षं “सुट्टे नाहीत” म्हणत होते ते सगळे सुट्टे त्या डब्यात होते. त्यानं दोन रुपये काढून म्हातारीच्या हातावर ठेवले. म्हातारी आधी त्या नाण्याकडं बघत राहिली, मग बसवंतकडं, आणि मग जी काठी उचलून निघाली ती वेशीपर्यंत सांगत गेली.

तासाभरात दुकानापुढं रांग लागली. कुणाचा रुपया, कुणाचे पाच. रिटायर झालेले तलाठी मडकं घेऊन आले. “मला साखर आहे हे सगळ्या गावाला ठाऊक. तरी तुझ्या बापानं मला सहा वर्षं गोळ्याच दिल्या. मोजून घे.” मडक्यात गोळ्यांपेक्षा मुंग्या जास्त होत्या. बसवंतनं मुंग्या बाजूला सारून गोळ्या मोजल्या आणि तेवढे रुपये दिले. एकानं आज्याच्या वेळचे आठ आणे मागितले. तेही मिळाले.

नियमाची दुसरी बाजूही बसवंत विसरला नव्हता. रांगेत कुणाची तरी शेळी घुसली. तिनं काही मागितलं नाही. बसवंतनं तिला खांबाला बांधून ठेवलं. तिच्या मागं एक लाजरा माणूस होता. त्याची पाळी आली, पण एवढ्या लोकांत त्याच्या तोंडून शब्द फुटेना. “मागा की,” बसवंत म्हणाला. माणूस नुसता लाजला. मग बसवंतनं त्याच्या डोक्यावरची टोपी काढून ठेवून घेतली. नियम म्हणजे नियम.

हे सगळं गिरिजा फटीतून बघत होती. डबा हलका होत चालला होता. टोपी गेलेला माणूस डोकं चोळत परत निघाला होता. गिरिजानं पिठाचे हात धुतले. पदर डोक्यावर घेतला. मागच्या दारानं बाहेर पडली, बोळातून वळसा घालून आली आणि रांगेच्या शेवटाला जाऊन उभी राहिली.

“अगं सूनबाई, तू कशाला उन्हात?” कलावती मावशी म्हणाली. “तुला आतनं मिळंल की.”

गिरिजा हसली आणि रांगेत एक पाऊल पुढं सरकली.

बऱ्याच वेळानं तिची पाळी आली. बसवंतनं मान वर केली. बायको आहे हे त्याच्या लक्षात आलं, पण रांगेतलं माणूस ते रांगेतलं माणूस.

“काय राहिलंय?”

ती वाकली आणि त्याच्या कानाशी हळूच काहीतरी म्हणाली.

“अठरा हजार?” बसवंतनं डबा उपडा करून बघितला. “चिल्लर संपली. थांबा, पेटी उघडतो.”

त्यानं करदोड्याची किल्ली न सोडता, पोट पेटीला टेकवून, आहे तिथूनच कुलूप उघडलं. मग अंगठ्याला थुंकी लावून एकेक नोट मोजत तिच्या पदरात टाकू लागला.

त्याच वेळी अप्पा टेम्पोतून उतरले. लांबूनच त्यांना दुकानापुढची रांग दिसली आणि ते हरखले. ड्रायव्हरला म्हणाले, “बघ, एका दिवसात पोरानं केवढं गिऱ्हाईक जमवलं!” मग जवळ आले. त्यांना रिकामा डबा दिसला. खांबाची शेळी दिसली. उघडी पेटी दिसली, आणि पेटीसमोर पदर पसरून उभी असलेली सून दिसली.

“अरे गाढवा! किल्ली कुणाला दिलीस?”

“कुणालाच नाही, अप्पा. हे बघा, करदोड्यालाच आहे. मीच उघडली.”

“आणि हिला पैसे? ही तर घरची आहे!”

“मागितले तिनं.”

अप्पांनी घराकडं तोंड करून हाक मारली. “अगं ए! बाहेर ये आधी! सून काय करायलीय बघ तुझी!”

“बाहेरच हाय मी,” आवाज आला.

आवाज घरातून आला नव्हता. सुनेच्या मागून आला होता. रांगेत गिरिजाच्या पाठीशी सासूबाई उभ्या होत्या.

“तू?” अप्पा म्हणाले. “तुझं काय राहिलंय?”

“पाटल्या,” सासूबाई म्हणाल्या. “माझ्या माहेरच्या. तुमच्या बहिणीच्या लग्नात गहाण टाकायला घेतल्या. सोडवून आणल्या, त्या पेटीतच ठेवल्या. बत्तीस वर्षं झाली. मी मागितल्या नाहीत, तुम्ही दिल्या नाहीत.”

सगळी रांग अप्पांकडं बघायला लागली. अप्पांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. शब्द फुटेना. बसवंतनं थोडा वेळ वाट बघितली. मग पुढं झाला आणि बापाच्या डोक्यावरची टोपी काढून ठेवून घेतली.

गिरिजानं नोटा बांधून पदराला गाठ मारली, ओढून बघितली आणि एका बाजूला सरकली. मग त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात ती सासूबाईंना म्हणाली,

“या आत्या, पुढं या. पेटी उघडीच आहे.”