उसवलेली प्रत

एकदा एका गावात एक वृद्ध कादंबरीकार राहत होते. स्वतःच्या पुस्तकांविषयी ते फारसे बोलत नसत. पण घरी कोणी आले, की दुसऱ्याच एका लेखिकेची कादंबरी पुढे करीत. नदीवर होडी चालवणाऱ्या बाईची कथा. लेखिका निवर्तली होती, पुस्तक बाजारातून केव्हाच नाहीसे झाले होते. उरली होती ती यांच्याकडची एकच प्रत.

त्यांची एक शिष्या होती. ती म्हणे, "गुरुजी, ही प्रत मला द्या. जिवापाड जपेन." गुरुजी नुसते हसत.

वाचनालयाच्या वार्षिक सभेत गुरुजींनी ती प्रत काढली आणि, आता काय सांगावे, कात्रीने तिची शिवण उसवली! सुटे झालेले पानांचे गठ्ठे समोरच्या मंडळींत वाटून टाकले. शेवटचा शिष्येच्या हाती ठेवला.

"गुरुजी, जीव घेतलात पुस्तकाचा!" ती रडकुंडीला आली. घरी जाऊन तिने आपला गठ्ठा रेशमी फडक्यात बांधून ट्रंकेत ठेवला.

काही दिवसांनी दार वाजले. दारात गावातला कापडव्यापारी, बगलेत सभेत मिळालेली त्याची पाने. जन्मात त्याने गोष्टीचे पुस्तक उघडले नव्हते.

"ताई, होडी भर धारेत अडकली बघा, आणि पानं संपली! ती बाई काठाला लागली का, तेवढं सांगा. जेवण गोड लागेना."

"आधीचं वाचलंत?"

"वाचलं की. पोस्टमनकडचं, डॉक्टरीणबाईंकडचं. घरोघरी चहा पिऊन पित्त झालं."

तिला हसू फुटले. ट्रंक उघडली. ओसरीवर बसून ती वाचू लागली, तसे शेजारीपाजारीही येऊन टेकले. शेवट ऐकून व्यापारी डोळे पुसत म्हणाला, "लेकीचं लग्न आहे. यंदा टॉवेल-टोपीचा आहेर नाही. लेखिकेच्या माणसांना विचारू, आणि हेच छापून वाटू."

शिष्येने तसेच गुरुजींकडे जाऊन सारे सांगितले. ते शांतपणे म्हणाले, "बाळ, आमची आई शेजारीपाजारी विरजण देत असे. आपलं नासलं, तर मागायला चार घरं असावीत म्हणून. अख्खी प्रत दिली असती, तर तू ती जपली असतीस. पण मागायला कोणाचंच दार उरलं नसतं."

लेखिकेच्या लेकीने आनंदाने होकार दिला. लग्नात एक पाहुणा कुरकुरला, "हे काय, टोपी नाही होय?" मग मांडवाच्या खांबाला टेकून त्याने पुस्तक उघडले. पंगत बसली, हाका झाल्या, तरी तो हलेना.

शिष्या वाढप्याला म्हणाली, "राहू द्या त्यांना. होडी भर धारेत असेल."