करंजखिंडीतलं दार

करंजखिंडीच्या डोंगराला डांबर माहीत नव्हतं आणि घाटाखालचं मीठ बैलांच्या पाठीवरून वर चढत होतं, तेव्हाची ही गोष्ट. खिंडीत एक पाणपोई होती आणि पाणपोईवर ठकू नावाची बाई होती. ती तिथं हौसेनं गेली नव्हती. गावानं तिला तिथं नेऊन बसवली होती.

झालं असं, की ठकूचे आईबाप पटकीच्या साथीत गेले तेव्हा ती लहान होती. देवळात पोथी लागली की ती खांबाला टेकून बसायची आणि अध्याय संपला की विचारायची, पुढं काय झालं? राणी वनात गेली, बरं, पण तिच्याबरोबर दासी गेली होती, ती परत आली का? पोथी सांगणाऱ्याला उत्तर येत नव्हतं, आणि येत नाही असं म्हणायची आपल्या मोठ्या माणसांत पद्धत नाही. गावचे आबा पाटील म्हणाले, पोरीची जीभ फार वळवळते, हिला खिंडीत पाणी पाजायला बसवा, पुण्य लागेल. कुणाला लागेल ते बोलले नाहीत. बाजाराच्या दिवशी तिला जोंधळे पोचते करायचे ठरले आणि गाव मोकळं झालं. शिकणं म्हणजे गप्प बसणं, असं तेव्हा होतं. आताही तेच आहे, फक्त वर शाळेचा पत्रा टाकलाय.

खिंडीत वारा आणि करंजाची झाडं, दुसरं काही नाही. पण वाट चालती होती. ठकू वाटसरूच्या ओंजळीत पाणी ओतायची आणि म्हणायची, काहीतरी सांगून जा. असं म्हणतात, की माणसं आधी हसायची आणि मग सांगायची. तमाशाच्या फडातल्या ढोलकीवाल्यानं तिला मडक्यावर ताल धरायला शिकवलं. पुस्तकं विकत हिंडणारा एक म्हातारा जाता-येता एकेक अक्षर धुळीत काढून द्यायचा, आणि तिला वाचता यायला लागलं तेव्हा त्यानं एक पुस्तकही दिलं, शेवटची पानं वाळवीनं खाल्लेलं. एकदा दोन वाटसरू देव आहे की नाही यावर तिच्यासमोर भांडले आणि भांडत भांडतच घाट उतरून गेले. तिला दोघांचंही पटलं होतं.

तंबू टॉकीजवाल्याची गाडी आस मोडून खिंडीत अडकली, तेव्हा त्यानं डब्यातली फीत काढून तिच्यासाठी उन्हासमोर धरली. ठकू म्हणाली, सगळी चित्रं एकसारखीच की.

"नीट बघा बाई," तो म्हणाला, "हात हलतोय."

ती दुपारभर बघत राहिली. तेव्हापासून, असं म्हणतात, लांबून येणारा माणूस दुःखात आहे का नुसता घाईत, हे तिला त्याच्या चालीवरून कळायचं. शिकलेलं तिनं स्वतःपाशी ठेवलं नाही. घाटाखालच्या कोळणींची गाणी वरच्या जात्यांवर गेली ती तिच्याच तोंडून.

पण पाणी पिऊन झालं की माणूस उठायचा. तिच्याजवळ सगळं होतं आणि सगळं अर्धं होतं.

मग एक लमाण आला, मिठाचे बैल घेऊन. त्यानं गोष्ट सांगायला घेतली. एका मुलीची सगळी माणसं तिला मागं ठेवून निघून गेली. मुलगी डोंगराला विचारते, नदीला विचारते, चालत चालत ओसाड माळावर येते. माळावर एकच घर. दार बंद. ती कडीला हात लावते. एवढ्यात पुढचे बैल चालू लागले, घुंगरं वाजली, लमाण उठला. उरलेली येताना सांगतो म्हणाला. तो त्या वाटेनं परत आला नाही.

ठकू त्यानंतर प्रत्येकाला एकच विचारायची, दारामागं कोणी होतं का? कुणालाच ती गोष्ट ठाऊक नव्हती. तिचे केस पांढरे झाले.

पुढं डोंगराच्या पलीकडून मोटारीचा रस्ता झाला. खिंडीतल्या वाटेवर गवत माजलं. गाव जोंधळे पाठवायला विसरू लागलं. ऐकायला कोणी उरलं नाही, तेव्हा ठकू दगडांनाच सांगायला लागली. कलत्या उन्हात वारा ते खाली आणायचा. असं म्हणतात, की ज्या बाईला जे हवं असेल तेच तिला ऐकू यायचं. कुणाला माहेरची ओवी, कुणाला मेलेल्या भावाचं हसणं. आणि रोज ते दारापाशी येऊन तुटायचं. बायकांनी घराघरांत लावून धरलं, वर जा, तिला काय हवंय ते विचारा. एवढ्या वर्षांत गावातलं माणूस तिच्यापाशी जाऊन बसलं नव्हतं. खिंड काही चंद्रावर नव्हती.

शेवटी आबा पाटीलच काठी टेकत चढले. ठकूनं त्यांना पाणी दिलं. ते म्हणाले, "ठके, खाली चल. आता इथं कोण येतंय?"

ती म्हणाली, "आबा, तुम्हाला ती गोष्ट येते का?" आणि तिनं दारापर्यंतची सगळी सांगितली.

आबांना येत नव्हती. येत नाही एवढं म्हणाले असते तरी चाललं असतं. पण त्यांचे पाय दुखत होते आणि त्यांना ऊन उतरायच्या आत घरी जायचं होतं.

"दारामागं कोणी नव्हतं," आबा म्हणाले. "झाली गोष्ट. ऊठ आता."

"कोणीच नव्हतं?"

"कोणी नव्हतं."

ठकूनं मान हलवली. म्हणाली, तुम्ही व्हा पुढं, मी येते.

ती आली नाही. सकाळी माणसं वर गेली तर रांजण काठोकाठ भरलेला आणि ठकू नाही. आख्खा डोंगर धुंडाळला. असं म्हणतात, की तो रांजण उन्हाळाभर आटला नाही. असंही म्हणतात, की खडकात दाराएवढी चीर पडली ती त्याच दिवशी. म्हातारी माणसं सांगतात, ती देवी झाली. देवी म्हटलं की माफी मागावी लागत नाही.

आबा पाटील त्यानंतर मरेपर्यंत खिंडीत चढत राहिले. खडकापुढं बसून सांगायचे, ठके, तिची आई होती दारामागं. दुसऱ्या दिवशी सांगायचे, बहीण होती. चुलीवर भात होता. वाट बघत होते सगळे. त्यांना परत कुणी काही विचारलं नाही.

अजून चैत्रात आख्खं गाव खिंडीत चढतं. नारळ नाही, गुलाल नाही. रांजण भरतात, गोष्ट दारापर्यंत सांगतात, आणि मग ज्याच्या ओंजळीत पाणी पडेल त्यानं पुढं सांगायचं. पाणी पिऊन झालं म्हणून कुणी उठायचं नाही, शेवटच्या माणसाचं सांगून होईपर्यंत बसायचं. म्हाताऱ्यांनीही. दारामागं बाप सांगा, शेळी सांगा, कालच पाहिलेल्या सिनेमातला माणूस सांगा, चालतं. कोणी नव्हतं, एवढं तिथं म्हणायचं नाही.