अ कुठला, ब कुठला

“पण सर, हे दोन रेणू वेगळे आहेत ते मला ढळढळीत दिसतंय. मग तुम्हाला का दिसत नाही?”

मंजिरी खोतने हे जरा चढ्या आवाजातच विचारलं. समोर आयझॅक रोहेकर बसले होते. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, तरी दर मंगळवारी प्रयोगशाळेत यायचे आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे. प्रथिनांचे स्फटिक वाचण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. सरांनी पाहिल्याशिवाय इथली कुठलीही रचना छापायला जायची नाही, अशी रीत होती. कुठे लिहिलेली नव्हती, पण मोडायची कोणाची छाती नव्हती.

मंजिरीला ती रीत म्हणजे निव्वळ वेळखाऊपणा वाटायचा. शोधनिबंध तयार होता, संध्याकाळी पाठवायचा होता. तीन वर्षं घासली होती तिने त्यासाठी.

“काय काय दिसतं, सांग तरी,” सर म्हणाले.

तिने सांगितलं. भाताच्या खाचरात सापडणाऱ्या एका जिवाणूचं हे प्रथिन. त्याचे स्फटिक बनवले, त्यांच्यावर क्ष-किरण सोडले, उमटलेल्या ठिपक्यांवरून नकाशा काढला. मग त्या नकाशात रेणूचा एकेक तुकडा हाताने बसवत गेली. स्फटिक म्हणजे एकच नक्षी पुन्हा पुन्हा छापलेलं कापड. तिच्या नक्षीत दोन रेणू होते, पाठीला पाठ लावून उभे. एकाला तिने ‘अ’ म्हटलं, दुसऱ्याला ‘ब’. प्रत्येकाच्या कडेला झडपेसारखा एक तुकडा होता.

“‘अ’ची झडप उघडी आहे, ‘ब’ची मिटलेली. म्हणजे ते आळीपाळीने काम करतात. हे आजवर कोणी दाखवलेलं नाही, सर.”

“छान आहे.”

तिची कळी खुलली.

“खरं असेल तर फारच छान आहे. पण आपण बसवलेल्या तुकड्याची सावली नकाशातही पडते. आता असं कर, दोन्ही झडपा पुसून टाक आणि नकाशा पुन्हा काढ.”

“आत्ता?”

“माझा चहा होईपर्यंत.”

तिने धुसफुसतच बटणं दाबली. सरांनी चहा सावकाश प्यायला, मुद्दाम असावा. शेवटी पडद्यावर नकाशा उमटला. नुसती राखाडी जाळी.

“नावं काढ.”

‘अ’ आणि ‘ब’ पडद्यावरून गेले.

“आता डोळे मीट.”

“सर, मी काही बालवाडीत नाही.”

“मीट गं. मलाही बघू दे काय होतं ते.”

तिने डोळे मिटले. सरांनी माउस हलवल्यासारखं वाटलं. किंवा नुसता हात ठेवला असेल...

“उघड. ‘अ’ कुठला?”

“हा, डावीकडचा.”

“कशावरून?”

झडपेवरून, असं ती म्हणणार होती, पण झडपेच्या जागी धुरकट पुंजका होता, बस. उजवीकडेही तसलाच. ना उघडा, ना मिटलेला.

“पुन्हा मीट.”

दुसऱ्यांदा ती उजवीकडचा म्हणाली. तिसऱ्यांदा नाक पडद्याला टेकेल इतकी पुढे वाकली.

“तुम्ही नकाशा फिरवलात का, सर?”

“तू सांग.”

“...नाही सांगता येत.”

सर खुर्चीत मागे टेकले. “ठिपके मोजून झाल्यावर सॉफ्टवेअर काय म्हणालं होतं?”

इथे खोटं बोलता आलं असतं. पण मंजिरी गर्विष्ठ होती, लबाड नव्हती.

“वरच्या पातळीची सममिती घ्या म्हणालं होतं. म्हणजे दोन रेणू नाहीत. एकच आहे, तोच अर्धा फेरा घेऊन पुन्हा उभा आहे.”

“मग?”

“मी घेतली नाही.”

“का?”

“त्यात एकच उरत होता...”

खिडकीबाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. मंजिरी उगाच तिकडे बघू लागली.

सर रागावतील अशी तिची खात्री होती. ते रागावले नाहीत. उलट, नवं खेळणं मिळाल्यासारखे पुढे सरकले.

“मग झडपा वेगळ्या कशा झाल्या? मला खरंच समजून घ्यायचंय. ‘अ’ कधी बांधलास?”

“गणपतीला गावी गेले, त्याच्या आधी. झडपेच्या जागी नीट काही दिसत नव्हतं. गाडी चुकेल म्हणून उघडीच ठेवून दिली.”

“आणि ‘ब’?”

“कणकवलीहून आल्यावर.”

“मधे काय झालं?”

“काही नाही. गणपती झाले.”

“आठव.”

तिने आठवलं. आणि आठवता आठवता तिचे कान तापले.

“वाडीत भजनाची डबलबारी होती. दोन बुवा समोरासमोर. एकाची बारी चालू असली की दुसरा गप्प बसतो, मग हा थांबला की तो उठतो. तिथे बसल्या बसल्या डोक्यात आलं, आपले रेणूपण असेच असतील...”

“आणि आल्यावर ‘ब’ची झडप मिटलीस.”

“हो.”

सर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. “भजन चांगलं रंगलं असणार.”

तिला हसू आलं नाही. तीन वर्षं घासून जे जगाला दाखवायला निघालो ते स्फटिकात नव्हतंच, आपणच ते बाहेरून नेऊन ठेवलं होतं, याची लाज वाटत होती. रडू येईल म्हणून ती पडद्याकडे बघत राहिली.

बघता बघता तिचं लक्ष पुन्हा त्या धुरकट पुंजक्यांवर गेलं. बाकीचा रेणू किती रेखीव होता, प्रत्येक कडी मोजून घ्यावी असा. धुरकट होती ती एवढीच जागा, आणि दोन्हीकडे अगदी सारखी. का बरं? काय करत असेल ती झडप, की तिचा एकही ठसा नीट उमटू नये? आजवर हा प्रश्न तिला पडलाच नव्हता. उत्तर बसवायची इतकी घाई होती...

तिने शोधनिबंधाची फाईल बंद केली.

“आज पाठवत नाही, सर. वरची सममिती घेऊन पहिल्यापासून बघते.”

सरांनी मान डोलावली.

“पण मग दोनातला एक पुसावा लागेल.” तिने झडपा आणि नावं पडद्यावर परत आणली. तिच्या हाताने घडवलेले दोघं पुन्हा समोर उभे राहिले, झडपेवरून लगेच ओळखू येणारे. “कुठला पुसू?”

सर खुर्चीतून उठले. त्यांनी दोन्ही झडपांवर एकेकदा बोट टेकवलं.

“जो तुला ओळखू येतो, तो.”