वाकणमाळची तोंडी सलामी

वाकणमाळच्या एकोणीस बंदुका राजा रणधीररावाने ऐन भाद्रपदात काढून घेतल्या, तेव्हा डोंगरउतारावरची नाचणी नुकती कणसावर आली होती. बंदुका गडावर गेल्या. वाडीला न विचारता बसवलेली घरटी बंदूकपट्टी मात्र चालूच राहिली. रानडुकरांना ही बातमी माणसांच्या आधी लागली असावी. आठ दिवसांत निम्मी नाचणी साफ झाली.

राजाचं नाव तेवढं रणधीर. महालात उंदीर निघाला तरी पहारा दुप्पट करणारा हा गडी! त्याच्या दिवाणाने एका टोपीकर व्यापाऱ्याकडून ऐकलं होतं, की सातासमुद्रापलीकडे अमेरिका नावाच्या मुलखात शेतकऱ्यांनी घरच्या बंदुका उचलल्या आणि आपल्या राजाचा अंमल झुगारून दिला. झालं, तेव्हापासून महाराजांना अन्न गोड लागत नव्हतं.

शेवटी तुळाजी राखणदाराची लेक हौसा गाऱ्हाणं घेऊन गडावर गेली. वाडीत बाकी कुणाची राजापुढे तोंड उघडायची छाती नव्हती आणि हौसाला ते मिटायची सवय नव्हती.

"बंदुका कशाला हव्यात?" राजा म्हणाला. "वाकणमाळची राखण मी करतो. तसा शब्द दिला आहे."

"शब्द पोचला, म्हाराज. डुकरं बी पोचली. दोघांची गाठ तेवढी पडली न्हाई."

दिवाण खेकसला, "अमेरिकेत काय झालं ते ठाऊक आहे का तुला?"

"न्हाई बा. त्या लोकांनी राजाला कशापायी झुगारलं?"

दिवाण अडखळला. "रयतेला न विचारता चहावर पट्टी बसवली होती. लोक बिथरले. मग त्यांचा दारूगोळा जप्त करायला शिपाई धाडले, आणि तिथेच गोळी सुटली."

"मंजी आदी न इचारता पट्टी, मग जप्ती," हौसा म्हणाली. "आन ते ऐकून तुमी हितं त्येच केलंसा?"

दरबारात कुणीतरी खोकून हसू लपवलं. राजा कानापर्यंत लाल झाला. दसऱ्याला वाकणमाळच्या लोकांनी गडाच्या पायथ्याशी बंदुकीचे पाच बार काढायचे आणि मगच राजाने सीमोल्लंघनाला निघायचं, अशी जुनी रीत होती. राजाला तीच आठवली.

"यंदाही सलामी झाली पाहिजे," तो गरजला. "बंदुका मिळणार नाहीत. आणि पाच बार मला ऐकू आले नाहीत, तर डोंगराची सगळी जमीन सरकारजमा!"

"आन आलं ऐकू तर?"

"तर मागशील ते देईन." दिवाण मिशीत हसला.

तुळाजीने हे ऐकून कपाळाला हात लावला. जमीन गेली तर दिवाळी कुठे करायची, हेच त्याला कळेना. हौसाने मात्र घरोघरी जाऊन एवढंच सांगितलं, की दसऱ्याला समद्यांनी या, अगदी म्हाताऱ्याकोताऱ्यांनीसुद्धा.

दसऱ्याला शेजारचे सरदार पाहुणे आले होते. राजा नटूनथटून गडाच्या पायरीवर उभा राहिला. खाली वाकणमाळची माणसं रांगेत उभी होती आणि सगळ्यांचे हात रिकामे होते. हौसाने हात वर केला.

"ठो!" दीडशे गळे एकदम ओरडले. झाडावरची पाखरं उडाली. मग दुसरा, तिसरा, असे मोजून पाच.

"ही काय थट्टा आहे?" राजा किंचाळला. "याला बार म्हणतात? ही नुसती तोंडाची वाफ!"

"व्हय म्हाराज," हौसा म्हणाली. "तुमी तोंडानं राखण केली, आमी तोंडानं बार काढलं. तुमची राखण खरी आसंल, तर आमची सलामी बी खरी. मग कबुलीपरमानं मी मागते, बंदुका द्या. आन सलामी खोटी आसंल, तर राखण बी खोटी. मग नाचणी वाचवायला बंदुका द्याच!"

पाहुण्यांतला सर्वांत म्हातारा सरदार आधी हसला. राजाने त्याच्याकडे पाहिलं, हौसाकडे पाहिलं, आणि मग पगडी सरकेपर्यंत तोही हसत सुटला. एकोणीसच्या एकोणीस बंदुका तिथेच परत आल्या. बंदूकपट्टी माफ झाली.

"आणखी काय हवं?"

"पुढला हुकूम काढायच्या आदी वाडीला इचारा."

"विचारू," राजा म्हणाला.

मग खरे पाच बार झाले. पहिल्याच बाराला महाराज दोन पायऱ्या मागे सरले, पण ते कुणी बोलून दाखवलं नाही. सीमोल्लंघनाला निघताना राजाने दिवाणाला जवळ बोलावलं.

"दिवाणजी, उरलेल्या नाचणीची राखण यंदा तुमच्याकडे. मचाणावर जाऊन बसा. बंदूक नेऊ नका. डुकरं आली की ठो म्हणा!"