बुबळ्याचे डोळे

एका खाडीत, तिवरांच्या मुळांशी, बुबळ्या नावाचा एक निवटा राहत होता. निवटा म्हणजे चिखलावर टुणटुण उड्या मारणारा मासा. चिखलातल्या बिळात त्याची अंडी होती. अंड्यांना हवा लागते, म्हणून बिचारा दिवसभर पाण्यावर यायचा, तोंडभर हवा घ्यायचा आणि बिळात नेऊन सोडायचा. एक खेप चुकली तर पिल्लं गुदमरायची.

भरतीबरोबर शेजारी बोय मासळी यायची. ती त्याची टर उडवायची. "काय रे, डोकं सोडून डोळेच वाढवलेस की! आणि एवढे मोठे असून पाण्यात धड दिसत नाही तुला!"

ते खरंच होतं. पाण्यात त्याला सगळं धूसर दिसे. बुबळ्या खजील झाला. बोय आसपास असली की तो डोळे खोबणीत ओढून, आंधळ्यासारखा वर येऊ लागला.

म्हाताऱ्या निवटीने, सोनकीआत्याने, हे पाहिलं.

"बाळा, आपल्या पूर्वजांचे डोळे बोयसारखेच होते," ती म्हणाली. "पण दर विणीत एखादं पिल्लू जरा वेगळ्या डोळ्यांचं निघायचं. चिखलावर ज्याला बगळा दिसला, ते वाचलं. त्याचीच पिल्लं पुढे वाढली. असं होत होत पाण्यातली नजर थोडी गेली, पण हवेतली आली. किती जणांचे जीव गेले तेव्हा कुठे हे डोळे मिळाले, आणि तू ते लपवतोस?"

बुबळ्याला वाईट वाटलं, पण लाज काही सुटेना.

दुसऱ्या दिवशी भरतीचं पाणी चढत होतं. अंड्यांजवळची हवा संपत आली होती. बुबळ्या वर निघाला. जवळच बोय होती. त्याने सवयीने डोळे आत ओढले. मग त्याला आत्याचं बोलणं आठवलं. हसेना का ती! त्याने आधी डोळेच पाण्याबाहेर काढले.

समोर बगळा! चोच नेमकी खाली रोखलेली.

"बोय, खोल जा!" बुबळ्या ओरडला आणि बिळात सटकला. चोच रिकाम्या पाण्यात आपटली.

बगळा उडाल्यावर बुबळ्याने पुन्हा डोळे वर काढून नीट पाहिलं, तोंडभर हवा घेतली आणि अंड्यांकडे धावला. सगळी अंडी सुखरूप होती.

संध्याकाळी बोय बिळापाशी आली. "मला तो दिसलाच नाही रे," ती हळूच म्हणाली. "उद्या मी आले की आधी तू वर बघशील ना?"

तात्पर्य: पूर्वजांनी जिवाचं मोल देऊन जे आपल्या पदरात टाकलं, ते कुणाच्या हसण्यापायी झाकून ठेवू नये.